उलट्या दांड्याची किटली

आमच्या ओटीवर दर रविवारी दुपार कलली की तीन शहाणी माणसं बसत आणि कोमट हिरवं पाणी पिऊन माना डोलवत. त्यातले एक आमचे हे. दुसरे समोरच्या घरातले वकील. तिसरे पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. पेले अंगठ्याएवढे. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि नाकातल्या नाकात "हं" म्हणायचं. मोठ्यानं "वा" म्हणणं गावंढळपणाचं, असं आमच्या यांनी ठरवून दिलं होतं. वकिलांना तो चहा मुळीच आवडत नसे. घरी गेल्यावर ते गूळ घालून, दूध ओतून, कपभर लालभडक चहा करून घेत, हे त्यांच्या बायकोनंच मला विहिरीवर सांगितलं होतं. मास्तरांचं तोंड तर एरंडेल पाजलेल्या पोरासारखं व्हायचं. पण पुढच्या रविवारी दोघंही हजर! उभ्या रत्नागिरीत दुसऱ्या कुणाच्या ओटीवर जपानी किटलीतला चहा मिळत नव्हता, आणि त्या एका गोष्टीपायी ते दोघं ते पाणी वर्षानुवर्षं गिळत राहिले.

हे एकोणीसशे तीसच्या आगेमागचं सांगते आहे. आमचे हे कचेरीत कारकून होते. घर वरच्या आळीत, चिऱ्याचं आणि कौलारू. ओटीवरून माडांच्या शेंड्यांपलीकडे मांडवीचं बंदर दिसे. दिसत असलं तरी तिकडे बघायचं नाही, असा यांचा कटाक्ष. यांचे वडील त्याच बंदरावर मचव्याचे तांडेल होते. हयात गेली त्यांची शिडं सांभाळण्यात. मुलगा थोडं इंग्रजी शिकला, कचेरीत चिकटला, आणि वडिलांचा विषय निघाला की "ते व्यापारात होते" म्हणून सांगू लागला. मीही त्याच बंदरावरची. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे नुकते नोकरीला लागले होते. दोन वर्षं उशीर झाला असता तर बंदरावरची मुलगी यांनी केलीच नसती. मग मी सुटले असते.

ओटीवर एक काचेचं कपाट होतं आणि त्यात सात किटल्या. किटली म्हणजे आपली पितळेची नव्हे. ही मातीची, ओंजळीत मावेल एवढी. वर झाकण, एका अंगाला लहानशी तोटी, आणि दांडा मागे नाही, बाजूला, पळीच्या दांड्यासारखा सरळ बाहेर आलेला. एक तांबडी, दोन वांग्याच्या रंगाच्या, एक काळपट, बाकीच्या मातकट. वरून झिलई नाही. हात फिरवला तर सारवलेल्या चुलीसारखं कोरडं लागायचं. सगळ्या हातानं वळलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. एकीच्या पोटावर तर वळणाऱ्याच्या बोटांच्या कडा तशाच राहिल्या होत्या. तोटीच्या मुळाशी आतून बारीक भोकं, चहाची पानं अडावीत म्हणून काडीनं एकेक पाडलेली. आमच्या यांनी ती भोकं मोजली होती आणि प्रत्येक किटलीखाली आकड्याची चिठ्ठी ठेवली होती. या गृहस्थांच्या व्यासंगाची खोली तेवढीच.

"ही माती बघा," हे किटलीवर नख वाजवून सांगत. "हिचा नाद ऐका. जपानी माणूस जन्मभर एक किटली वापरतो, वकीलसाहेब. आपल्याकडे ही दृष्टीच नाही."

वकील खादीचा कोट घालत आणि विलायती मालावर तावातावानं बोलत. जपान विलायतेत येत नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवून स्वतःला परवानगी देऊन टाकली होती.

यांनी जपान नकाशात सोडून कुठेच पाहिलं नव्हतं. जपान पाहिलं होतं माझ्या दादानं, आणि सातही किटल्या त्यानंच आणलेल्या. दादा मुंबईहून कापसाच्या गाठी घेऊन जपानला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता. आई-बाप गेल्यावर मांडवीतलं आमचं घर पडून गेलं. दादाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. तेव्हा माझं माहेर म्हणजे तो एक माणूस. तोही वर्षातून एकदा आठ दिवस, किनाऱ्याच्या आगबोटी चालू असल्या तरच. तो यायचा थांबला की मला माहेर नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून मी काय केलं ते आता सांगायचं आहे.

त्याआधी एक सांगायला हवं. मी डावरी. लहानपणी जेवायला बसले की आई माझा डावा हात सुंभानं पाठीशी बांधून ठेवी. दादा शेजारी बसे. आई चुलीकडे वळली की तो हळूच गाठ सैल करी, मी दोन घास डाव्या हातानं भराभर खाई, आणि आईनं मान वळवायच्या आत तो गाठ परत आवळी. आईला ते कधीच कळलं नाही. किंवा कळलंही असेल. माझा हात मात्र सुधारला नाही. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत मी डाव्या हातानं वरण वाढायला गेले आणि यांचा चेहरा पडला. त्या दिवसापासून या घरात हुकूम सुटला, की हिनं ओटीवर कुणाला काही द्यायचं नाही, वाढायचं नाही. बायको डावरी आहे हे लोकांना कळलं तर कचेरीतली खुर्ची मोडणार होती जशी काही! मी मागे स्वयंपाकघरात सगळं डाव्या हातानं करी. चारचौघांत उजव्या हातानं वाढावं लागलं की निम्मी आमटी पानाबाहेर. मग "जरा वेंधळीच आहे" म्हणून हे हसून साजरं करत. डावरीपेक्षा वेंधळी बायको यांना बरी वाटे.

पहिली किटली दादानं आणली ती माझ्यासाठी. मागच्या दारी पायरीवर बसून त्यानं गाठोडं सोडलं.

"बाय, ह्याला तिकडं क्युसू म्हनतात. म्हातारी मानसं दिवसभर ह्यातनं चाय पितात. तुला आनलंय."

मी ती लगेच घेतली, राख घेतली, काथ्या घेतला आणि नवं भांडं घासतात तशी खसाखसा घासायला बसले. दादानं डोक्याला हात लावला.

"अगो, घासू नको! नुसतं ऊन पानी. ह्याची माती चाय पिते. पिऊन पिऊन शानी होते. तू तिचं सालटं काढतंस!"

यांनी किटली पाहिली आणि ओठ मुरडले. "जपानी माल," म्हणाले. बाजारात तेव्हा जपानी खेळणी, जपानी पेले यांचा सुळसुळाट होता. आठ दिवसांत मोडेल त्या वस्तूला जपानी म्हणायची रीत पडली होती. किटली वर्षभर माझ्या फळीवर राहिली. मग एक दिवस कचेरीत मोठे रावसाहेब बोलता बोलता म्हणाले, की मुंबईतले त्यांचे एक धनिक स्नेही जपानी मातीच्या किटल्या जमवतात. संध्याकाळी हे घरी आले ते थेट माझ्या फळीपाशी. दुसऱ्या आठवड्यात काचेचं कपाट आलं. माझी किटली मला न विचारता ओटीवर गेली, आणि पुढच्या खेपेला दादा आला तेव्हा आणखी आणायला सांग म्हणून मला फर्मान सुटलं. मी सांगितलं. दादाला वाटलं, बायला हौस आहे. तो दर खेपेला आणत राहिला.

पहिल्या रविवारी यांनी स्वतः चहा केला. खळखळ उकळतं पाणी किटलीत ओतलं आणि सगळं आटोपेपर्यंत तसंच ठेवलं. उतरलं ते कडूजहर काडेचिराईत. तिघांनीही ते संपवलं आणि तिघांनीही जपानची स्तुती केली. मी दाराआड उभी राहून पदर तोंडात कोंबला.

खरी रीत मला दादानं शिकवली, मागच्या पडवीत. "उकळतं पानी पानाला मारतं, बाय. ह्या भांड्यातनं त्या भांड्यात वत, त्यातनं आनिक तिसऱ्यात. भांडं हातात धरवलं की मग घाल. तीस आकडे मोज. आनि शेवटला थेंब काढायचा. तोच खरा." झाकणाला एक टाचणीएवढं भोक असतं, त्यावर बोट ठेवलं की तोटीतली धार थांबते, हेही त्यानं मला दाखवलं. आम्ही दोघं बोट ठेवून-काढून धार थांबवत, सोडत बसलो आणि पोटभर हसलो. तेव्हापासून पाणी निववून, पानं घालून किटली मी आतून देई आणि हे ओटीवर पेल्यांत ओतत. चहाला चव आली. मास्तरांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "सराव, दुसरं काय!"

मलाही तो चहा आवडायला लागला होता, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ओटीवरची मंडळी उठली की त्याच पानांवर पुन्हा पाणी घालून मी मागे बसून पीत असे. ओहोटीला मांडवीच्या खडकांवर ओलं शेवाळ उघडं पडतं, त्याचा वास त्याला येई. पण असली आवड ओटीवरच्या त्या तीन डोक्यांबरोबर वाटून घ्यायची मला शरम वाटे.

दादा आला की मागच्या पायरीवरच बसायचा. ओटीवर त्याच्या किटल्यांचं कौतुक चाले, यांचं व्याख्यान आतपर्यंत ऐकू येई, आणि ज्यानं त्या सात समुद्रांवरून छातीशी धरून आणल्या तो मागे चुलीजवळ सुरमईचं कालवण आणि भात खात असे. मी एकदा यांना म्हटलं, "एक रविवार त्यालाही ओटीवर बसवा की. किटल्या त्याच्या, तुमच्यापेक्षा जास्त त्याला ठाऊक."

"खलाशी माणूस," हे म्हणाले. "वकीलसाहेबांच्या शेजारी? अंगाला डांबराचा वास येतो त्याच्या."

यांच्या वडिलांच्या अंगाला काय अत्तराचा येत होता? मी तसं बोलले नाही, पण त्या दिवसापासून या माणसाचं मला काही म्हणजे काही वाटेनासं झालं. रोज पान वाढलं, सणाला पाया पडले, पण आतून तो कप्पा रिकामा झाला.

खरं सांगायचं तर मला दादाचीही चीड येई. तो रागावत नसे. "मला हितंच बरं गो, वारा लागतो," म्हणून दात काढून हसे. दोन जगं हिंडलेला माणूस, आणि या कारकुनासमोर "भावोजी, भावोजी" करत कमरेत वाकायचा. माणसानं स्वतःला इतकं स्वस्त का करावं? मला एकदा, एकदाच, तो ओटीवर गादीला टेकून बसलेला बघायचा होता. त्यासाठी मी यांच्याशी दोन वर्षं हुज्जत घातली.

शेवटी ते घडलं तेही रावसाहेबांमुळे. रावसाहेबांनी किटल्या बघायला येतो म्हणून कळवलं आणि आमचं घर लग्नघर झालं. ओटी सारवून झाली, काचा पुसून झाल्या, चिठ्ठ्या नव्यानं लिहून झाल्या. दादाला मुंबईच्या पत्त्यावर यांनी चक्क स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, की या खेपेस काहीतरी विशेष आणा. आणि रावसाहेब सहज म्हणाले होते, की जो गृहस्थ आणतो त्यालाही भेटू. गृहस्थ! त्या एका शब्दासाठी मी रावसाहेबांना जन्मभर दुवा दिली असती.

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी आगबोट उशिरा आली. दादा बंदरावरून तडक चढण चढून आला तेव्हा रावसाहेब येऊन बसलेही होते. मी त्याला मागच्या दारात पाय धुवायला पाणी दिलं, यांचा धुतलेला सदरा दिला आणि ओटीकडे ढकललं. तो दारात थबकला. हातात मळक्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाय, ह्ये खास तुला..." तो म्हणत होता, तोच यांनी पुढे होऊन ते त्याच्या हातून घेतलं.

दादा ओटीवर बसला. गादीच्या अगदी कडेला, मांड्या आवळून, पण बसला. रावसाहेबांनी त्याला जपानबद्दल दोन प्रश्न विचारले आणि तो नीट उत्तरं देत होता. मी दाराआड ताटली धरून उभी होते. मला हसू फुटत होतं आणि रडूही.

पंच्यातून निघाली ती आठवी किटली. गडद, जवळजवळ काळी, लहानशी, आणि इतकी हलकी की यांनी उचलताना हात उगाच वर गेला. हे म्हणाले, हिचं उद्घाटन रावसाहेबांसमोरच व्हावं. मी आत नेऊन ऊन पाण्यानं विसळली, पानं घातली, पाणी निववून ओतलं आणि ताटलीत ठेवून परत दिली. घाईत मला काही वेगळं दिसलं नाही. यांनी ऐटीत उजव्या हातानं दांडा धरला आणि पेल्यांकडे वळवला. तोटी नेहमी डावीकडे, पेल्यांवर यायची. ही गेली उजवीकडे, रावसाहेबांकडे. यांनी मनगट उलटं पिळून ओतायचा प्रयत्न केला, झाकण निसटलं, आणि पानांसकट सगळा चहा रावसाहेबांच्या धोतरावर. झाकण घरंगळलं ते दादानं झेप घेऊन धरलं, म्हणून वाचलं.

मग वकिलांना हसू आवरेना. "जपान्यानं खलाशाच्या गळ्यात बिघडलेला नग मारला की हो! दांडाच उलटा!"

मास्तर हसले. रावसाहेब धोतर झटकत "असू द्या, असू द्या" म्हणाले, पण तेही हसले. आमच्या यांच्या मानेपर्यंत लाली चढली. "घेताना डोळे उघडे ठेवता येत नाहीत?" ते दादाला म्हणाले. "हे काय भांडं आहे?"

दादानं तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ताटलीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

मला इतका संताप आला! दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडले तो ओटीवर आला आणि चार माणसांत माझं असं हसं करून बसला. वर गप्प! त्या तिघांचा राग मी गिळत आले होते, तो सगळा त्याच्यावर गेला. मी दारातून बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"एवढी वर्षं समुद्रावर काढलीस दादा, सुलटं काय नि उलटं काय एवढंही कळत नाही तुला? कशाला येतोस असली भांडी घेऊन आमच्या अब्रूवर?"

आमच्या अब्रूवर. हे शब्द माझे. ओटीवर पुन्हा हशा झाला. हे पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"व्हय बाय," दादा म्हणाला. "माझंच चुकलं."

तो उठून मागे आला, सदरा काढून घडी करून ठेवला, आपला अंगात घातला. किटली पुसली आणि पायरीवर ठेवली. जेवला नाही. मी पान घेते म्हटलं तर बोटीवर जेवलोय म्हणाला. त्या बोटीवर जेवण मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. आठ दिवस राहणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीनं परत गेला.

यांनी ती किटली परसाच्या गडग्यापलीकडे फेकून द्यायला सांगितली. मी रिठे ठेवायला घेतली. झाकण घट्ट बसत होतं, सर्द हवा आत जात नसे. रिठ्यांना बरी.

पुढच्या हंगामात दादा आला नाही. त्याच्या बोटीवरचा एक खलाशी आला, हर्णेचा, दादाच्या बरोबरीचा. हिरव्या चहाचा डबा घेऊन तो मागच्या दारात उभा राहिला.

"तुमच्या भावानं धाडलंय. त्याला सुट्टी नाय मिळाली. आनि इचारलंय, ती काळी किटली हाताला बसली काय?"

सुट्टी नाही मिळाली! माझा वर्षभराचा राग उफाळला. रुसायचं, येणं टाकायचं, आणि वर त्या भिकार भांड्याची चौकशी करायची.

"सांग त्याला," मी म्हटलं, "तिच्यात रिठे ठेवलेत. उलट्या भांड्याचा उपयोग तेवढाच."

खलाशानं मान डोलावली आणि तो गेला.

मग पावसाळा आला, बंदर बंद झालं. श्रावणात माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. अंगठा सुजून केळ्याएवढा, त्यावर फडकं बांधलेलं. हे कामानिमित्त मंडणगडला गेले होते आणि कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे यांच्या करगोट्याला. घरात मी एकटी, बाहेर धो धो, आणि मला चहाची तलफ आली. फळीवर ती एक किटली होती. रिठे सुपात ओतले, ऊन पाण्यानं तीनदा विसळली. पानं घातली, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात निववलं, तीस आकडे मोजले. किटलीला मी नेहमी उजवा हात लावी, दांडाच तसा असे; तो आज कामाचा नव्हता. घरात कुणी नव्हतं. मी डाव्या हातानं दांडा धरला.

अंगठा आपसूक झाकणावर जाऊन बसला. भोक त्याच्या पेराखाली आलं. तोटी पेल्यावर होती. मनगट जरा कललं आणि बारीक, सरळ धार पेल्यात पडली. एक थेंब बाहेर नाही. जन्मात पहिल्यांदा मी किटलीतून ओतलं आणि सांडलं नाही.

मी किटली खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ओतलं. मग जमिनीवरच बसले.

उलटी नव्हतीच ती. आईनं सुंभानं बांधलेला हात दादा विसरला नव्हता. जपानात कुठल्या तरी कुंभाराकडून त्यानं माझ्या हाताची किटली करून घेतली होती. आणि त्या ओटीवर त्यानं नुसतं एवढंच सांगितलं असतं, की ही डावऱ्या माणसाची आहे, माझ्या बहिणीची आहे, तर हसणारे सगळे गप्प झाले असते. पण मग मी डावरी हे वकिलांना कळलं असतं, रावसाहेबांना कळलं असतं, आणि यांनी मला सोललं असतं. म्हणून त्यानं माझ्या हातातल्या ताटलीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. स्वतः मूर्ख ठरला, ते चाललं त्याला. मी यांना, वकिलांना, मास्तरांना इतकी वर्षं दाराआडून हसत आले, कवडीची किंमत दिली नाही. त्या ओटीवर सगळ्यांत हलकं माणूस दाराआडच उभं होतं.

मी तो पेला प्याले. चहाला रिठ्याची चव लागली होती. माती सगळं पिते.

पत्र घालावं तर मला लिहिता येत नव्हतं, आणि यांच्या हातून ते लिहवून घेण्यापेक्षा मी हात तोडून घेतला असता. नारळी पौर्णिमा झाली, पुढे आगबोटी सुरू झाल्या. पहिल्या दिवसापासून मी सकाळचं आवरून मांडवीला उतरू लागले. वरच्या आळीतली बाई रोज बंदरावर जाते म्हणून यांनी थयथयाट केला. मी ऐकलंही नाही. किटली पंच्यात गुंडाळून बरोबर नेत असे, दादा उतरला की तिथंच, धक्क्यावर, त्याला ओतून दाखवायची म्हणून.

सहाव्या की सातव्या दिवशी पडावातून तो हर्णेचा खलाशी उतरला. त्याच्या खांद्यावर दादाची पेटी होती. पेटी मी ओळखली आणि पुढचं त्यानं सांगायची गरज उरली नाही. तरी त्यानं सांगितलं. पावसाआधीच्या खेपेत ताप आला, हाँगकाँग सोडल्यावर तिसऱ्या दिवशी गेला, समुद्रातच दिला. परक्या माणसाकडून असलं पत्र लिहवून कसं घ्यायचं म्हणून तो बंदर उघडायची वाट बघत थांबला होता.

मी विचारलं, "माझा निरोप दिलास?"

"दिला की."

"रिठ्यांचा?"

"व्हय." तो पेटी खाली ठेवून घाम पुसू लागला. "तीन खेपा घालवल्यान त्यानं त्या किटलीपायी. कुंभार म्हातारा, असली करीतच नाय म्हनायचा. ह्यो बंदराला लागला की जाऊन त्याच्या दारात बसायचा, डावा हात असा पुढं करून. शेवटाला केलीन त्यानं. तुमचा निरोप आयकला नि हसला. म्हनाला, रिठे तरी डाव्या हातानं काढते ना? मला काय ते समजलं नाय."

त्या रविवारी वकील आणि मास्तर नेहमीच्या वेळी आले. ज्याच्या किटल्यांतून ते पीत होते तो मेला, याची यांनी त्यांना खबरही दिली नव्हती. यांनी कपाट उघडून तांबडी किटली काढली. मी काळी किटली घेऊन ओटीवर गेले, खाली बसले आणि डाव्या हातानं पेले भरले. हे तांबडी किटली धरून उभेच राहिले. मी डाव्या हातानंच पेला वकिलांपुढे केला. ते माझ्या हाताकडे बघत राहिले, पेला घेतला नाही. मास्तरांनी उपरणं सावरलं.

मी पेला मागे घेतला, दादा बसला होता तिथे, गादीच्या कडेला सरकले, आणि तो प्याले. मग दुसरा उचलला. चहाला अजून रिठ्याची चव येत होती.